बेगमपूरची मशीद: एक जुनी इमारत कशी पाहावी

(युवा शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. इंजिनिअरिंग केलं आणि गेली बारा-तेरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तरी आज मी तुमच्याशी एका जुन्या मशिदीबद्दल बोलणार आहे, आणि त्याला कारण आहे.

आपल्या पिढीपर्यंत जुन्या इमारती पोहोचतात त्या भांडणाच्या रूपात. मोबाइलवर एक व्हिडिओ येतो, कुणीतरी ओरडून सांगत असतो की अमुक इमारतीखाली अमुक आहे. मग दुसरा व्हिडिओ येतो, त्यात दुसरा कुणीतरी ओरडतो की आमच्या बादशहांनी हे बांधलं, ते बांधलं, आम्ही नसतो तर या देशात काय होतं. यावर आपल्यातले काही जण छाती फुगवतात आणि काही जण मान खाली घालून गप्प बसतात. पण फॉरवर्ड करणाऱ्या दहा जणांपैकी त्या इमारतीत पाऊल ठेवलेला एकही निघत नाही.

म्हणून मी मुद्दाम अशी एक इमारत निवडली आहे, जिच्यावरून कुणी भांडत नाही. तिथे फारसं कुणी जातही नाही. दिल्लीतली बेगमपूरची मशीद.

दिल्लीला गेलेले हात वर करा. बरेच आहेत. लाल किल्ला, जामा मशीद, कुतुबमिनार, निजामुद्दीन, सगळ्यांचं झालं असेल. बेगमपूर किती जणांनी पाहिलं? बघा, एकही हात नाही. मीसुद्धा ऑफिसच्या कामासाठी दिल्लीला अनेकदा जाऊन आल्यावर तिथे पोहोचलो.

दक्षिण दिल्लीत हौज खास आणि मालवीय नगर अशी दोन मेट्रो स्टेशनं आहेत. त्यांच्या मध्ये, अरबिंदो मार्गापासून थोडं आत, बेगमपूर नावाचं जुनं गाव शहरानं गिळलेलं आहे. अरुंद गल्ल्या, चार-पाच मजली घरं, डोक्यावर वायरींचं जाळं, किराणा दुकानं, मोबाइल रिपेअरिंग. त्या गल्लीतून वळता वळता एकदम समोर दगडी पायऱ्या येतात. चढून वर गेलात की पूर्वेचा दरवाजा लागतो, आणि तो ओलांडला की गल्लीचा आवाज मागे राहतो.

समोर पसरलेलं असतं प्रचंड अंगण. मशिदीच्या भाषेत सहन. साधारण ७५ बाय ८० मीटर. फुटबॉलचं मैदान डोळ्यांसमोर आणा, लांबीला थोडं कमी आणि रुंदीला थोडं जास्त. मध्ययुगीन दिल्लीतल्या सर्वात मोठ्या मशिदींमध्ये हिची गणना होते. चारही बाजूंना कमानींच्या ओळी, त्यांच्यावर लहान लहान घुमट. पश्चिमेला, म्हणजे किब्ल्याच्या बाजूला, २४ कमानी आहेत. त्यांतली मधली सर्वात उंच, दोन्ही अंगांना वर निमुळते होत गेलेले जाड बुरूज आणि त्या कमानीमागे मोठा घुमट. आत मेहराब आहे. काही ठिकाणी घुमट कोसळलेत, गिलावा जवळजवळ सगळा गळून गेलाय. तिकीट नाही. मी गेलो तेव्हा एका कोपऱ्यात तीन पोरं टेनिस बॉलनं क्रिकेट खेळत होती आणि एक म्हातारे गृहस्थ उन्हात पेपर वाचत बसले होते. पर्यटक म्हणून मी एकटा.

आता आपण ही इमारत नीट पाहू. आधी ती उभी कशी राहिली ते बघू.

आपल्याकडची हेमाडपंती देवळं तुम्ही पाहिली असतील. तिथे दोन दगडी खांब उभे करून त्यांवर आडवी दगडी तुळई ठेवलेली असते, चुना न वापरता दगडात दगड बसवलेला. फार सुंदर काम आहे ते. पण त्या पद्धतीला एक मर्यादा आहे. दगड दाब भरपूर सोसतो, ताण मात्र सोसत नाही. आडव्या तुळईवर वजन आलं की तिची खालची बाजू ताणली जाते आणि फार लांब तुळई ठेवली तर ती तडकते. त्यामुळे दोन खांबांमधलं अंतर वाढवता येत नाही.

कमान ही अडचण वेगळ्या रीतीनं सोडवते. पाचरीसारखे दगड गोलाईत लावले आणि वर मधोमध कळीचा दगड बसवला की वरचं सगळं वजन दगडांना एकमेकांवर दाबत खाली जातं. ताण उरतच नाही. म्हणून लहान-लहान दगडांनी मोठं अंतर झाकता येतं. फक्त त्याची एक किंमत असते, कमान बाजूला रेटा देते. पाय फाकवून उभा राहिलेला माणूस घसरू पाहतो, तसं. ओळीतली प्रत्येक कमान शेजारच्या कमानीचा रेटा पेलते. पण मधल्या उंच कमानीला शेजारच्या बुटक्या कमानी पुरेशा नसतात, तिथे दोन्ही बाजूंना जड वस्तुमान लागतं. ते निमुळते जाड बुरूज त्या जागी उभे आहेत. नुसती शोभा असती तर इतका दगड तिथे ओतला नसता. तुघलकांच्या इमारतींच्या भिंती खाली जाड आणि वर निमुळत्या असतात, आतल्या बाजूला कललेल्या दिसतात. ही त्यांची ओळख आहे.

सामान काय वापरलंय? संगमरवर नाही. दिल्लीच्या टेकड्यांमधला ओबडधोबड कठीण दगड, चुन्यात रचलेला, वरून चुन्याचाच गिलावा. म्हणजे स्थानिक आणि परवडणारं सामान. आपल्या गडांवर चुन्याची घाणी पाहिली आहे ना? दगडी गोल चर आणि त्यात फिरणारं चाक, बैल जुंपून चुना मळायचा. तेच तंत्र. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत वर्षानुवर्षं सावकाश घट्ट होत जातो. साडेसहाशे वर्षांहून अधिक काळ ही इमारत त्यावर टिकली आहे. या चुन्याकडे मी शेवटी परत येणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

आता मुख्य प्रश्न. ही मशीद बांधली कुणी?

इमारतीवर बांधणाऱ्याचं नाव किंवा तारीख सांगणारा शिलालेख नाही. बेगमपूर हे गावाचं नाव, ते मशिदीला चिकटलं. आमच्या कामात असा प्रसंग नेहमी येतो. जुना प्रोग्रॅम चालू असतो, लिहिणारा कधीच कंपनी सोडून गेलेला असतो, कुठेही नोंद नसते. मग लिहिण्याच्या पद्धतीवरून, आजूबाजूच्या इतर कामांवरून, जुन्या ईमेलवरून अंदाज बांधायचा. इतिहासकारांनी इथे तेच केलं, आणि दोन मतं तयार झाली.

पहिलं मत असं. फिरोजशाह तुघलकाच्या काळात, म्हणजे १३५१ ते १३८८ या वर्षांत, खानजहान जुनानशाह नावाचा वजीर होता. त्यानं दिल्लीत सात मशिदी बांधल्या असं परंपरेनं सांगितलं जातं. तुर्कमान गेटजवळची कलान मशीद त्याची, तिच्यावर १३८७ सालचा लेख आहे. खिडकी गावातली मशीदही त्याचीच. बेगमपूरची मशीद तशीच दगड-चुन्याची, तशीच उंच जोत्यावर, तशाच लहान घुमटांची. म्हणून तीही त्याचीच. जाता जाता सांगतो, या जुनानशाहचे वडील खानजहान मकबूल हे मूळचे तेलंगणातले, वरंगळच्या काकतीय दरबारातले. नंतर मुसलमान झाले आणि दिल्लीचे वजीर झाले. 'परकीय' हा शब्द सरसकट वापरण्यापूर्वी हे नाव आठवावं.

दुसरं मत म्हणतं, ही मशीद त्याच्या आधीची, मुहम्मद बिन तुघलकाच्या काळातली आहे. १९८३ मध्ये अँथनी वेल्च आणि हॉवर्ड क्रेन यांनी तुघलकांच्या वास्तूंवर मोठा लेख लिहिला, त्यात हे मत मांडलं आहे. त्यांच्या बाजूनं काय मुद्दे आहेत? मशिदीच्या उत्तरेला अगदी जवळ बिजय मंडल नावाचे अवशेष आहेत. तो मुहम्मद तुघलकाच्या राजवाड्याचा भाग मानला जातो. राजवाड्याला लागून एवढं मोठं अंगण असेल तर ती एखाद्या वजिराची मोहल्ल्यातली मशीद कशी? ती राजधानीची जामा मशीद असली पाहिजे. दुसरा मुद्दा आराखड्याचा. अंगणाच्या चारही बाजूंच्या मध्यावर उंच कमानी दालन असणं, ज्याला ईवान म्हणतात, ही इराणी पद्धत आहे. खिडकी मशिदीचा आराखडा त्यापेक्षा अगदी वेगळा, बहुतेक सगळी छताखाली आणि मध्ये चार छोटे चौक. तिसरा मुद्दा इब्न बतूताचा. मोरोक्कोचा हा प्रवासी १३३४ मध्ये दिल्लीत आला, काझी झाला आणि १३४०च्या दशकाच्या सुरुवातीला निघाला. तो दिल्लीच्या जामा मशिदीचं वर्णन करतो, पण ते कुतुबजवळच्या मशिदीचं आहे. त्यावरून ही मशीद तो गेल्यानंतर उभी राहिली असावी, असा तर्क.

मला इथे थांबून एक गोष्ट दाखवायची आहे. दोन्ही मतांमध्ये सुमारे चाळीस वर्षांचं अंतर आहे, बांधणारे वेगळे आहेत, हेतू वेगळा आहे. तरी हा वाद कसा चाललाय बघा. एक जण आराखडा पुढे ठेवतो, दुसरा शेजारच्या मशिदीवरचा लेख पुढे ठेवतो, तिसरा प्रवासवर्णन उघडतो. नवा पुरावा आला तर मत बदलायची तयारी आहे. कुणी कुणाला देशद्रोही म्हणत नाही आणि काफिरही म्हणत नाही. मला विचाराल तर दुसरं मत जास्त पटतं, राजवाड्याच्या शेजारामुळे. पण उद्या भिंतीच्या गिलाव्याखाली एखादा लेख सापडला तर माझं मत मी पाच मिनिटांत बदलेन.

तुम्ही म्हणाल, दिल्लीचा सुलतान, दिल्लीची मशीद, आपला काय संबंध? आहे, आणि तो आपल्या जिभेवर आहे.

१३२७ मध्ये याच मुहम्मद तुघलकानं राजधानी दौलताबादला, म्हणजे आपल्या देवगिरीला न्यायची ठरवली. दिल्लीचे सरदार, कारकून, विद्वान, सूफी, त्यांची कुटुंबं दख्खनमध्ये आली. सुलतान पुढे दिल्लीला परतला, पण बरीच माणसं इथेच राहिली. सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब इथे आले, १३३७ मध्ये वारले आणि खुलताबादला दफन झाले. दिल्लीची बोली या माणसांबरोबर इथे आली, मराठी, कन्नड, तेलुगूत मिसळली आणि त्यातून दखनी घडली. तुमच्यातले कितीतरी जण घरात आईशी दखनी बोलतात आणि बाहेर मराठी. शाळेत 'तुमचं हिंदी असं कसं' म्हणून हसले असतील लोक. त्या बोलीला सात शतकांचा इतिहास आहे आणि तो दिल्लीहून दौलताबादला आलेल्या त्या रस्त्यावर सुरू होतो. पुढे १३४७ मध्ये याच सुलतानाविरुद्ध दौलताबादेत बंड झालं आणि बहमनी राज्य जन्माला आलं. मुसलमान सरदारांनी मुसलमान सुलतानाविरुद्ध केलेलं बंड. मध्ययुगाचा इतिहास फक्त हिंदू-मुसलमान अशा दोन रकान्यांत का बसत नाही, ते इथे कळतं.

सुलतानाचं कौतुक करायला मी उभा नाही. लोकांना घरदार सोडायला लावणं हा जुलूम होता आणि त्या प्रवासात माणसांनी हाल सोसले. एखाद्या राजानं सुंदर मशीद बांधली म्हणून त्याच्या कारभाराचा हिशेब माफ होत नाही. आणि त्याच्या कारभाराचा हिशेब तुमच्या-माझ्या नावावरही चढत नाही. आपण त्याचे वारस असलोच तर बोलीचे आणि गवंडीकामाचे.

याच ओघात एक अवघड गोष्ट बोलून टाकतो. बेगमपूरहून थोड्याच अंतरावर कुतुब आहे. तिथल्या कुव्वतुल इस्लाम मशिदीच्या पूर्व दरवाजावरचा लेखच सांगतो की तिच्यासाठी २७ देवळांचं सामान वापरलं. आपल्या दौलताबादच्या किल्ल्यात १३१८ची, मुबारक खलजीच्या काळातली जामा मशीद आहे, तिचे खांबही जुन्या देवळांतले आहेत. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान विलीन झाल्यानंतर तिथे भारतमातेची मूर्ती बसली. या गोष्टी आपण लपवायच्या नाहीत. जे दगडात लिहिलंय ते वाचायचं आणि मोठ्यानं वाचायचं. बाराव्या-चौदाव्या शतकातल्या विजेत्यानं काय केलं हे मान्य केल्यानं एकविसाव्या शतकातल्या नागरिकाचा हक्क तसूभर कमी होत नाही. उलट खरं बोलणाऱ्याचं पुढचं म्हणणं ऐकलं जातं.

परत बेगमपूरला येऊ. १३९८ मध्ये तैमूरनं दिल्ली लुटली. राजधानीचं केंद्र सरकत गेलं आणि जहांपनाह नावाचं ते शहर ओस पडलं. मग या मशिदीचं काय झालं? तिच्यात गाव वसलं. चारही बाजूंना भक्कम भिंती, दारं मोजकी, त्यामुळे चोर-दरोडेखोरांपासून संरक्षण आयतंच. कमानी दालनं भिंती घालून बंद केली की खोल्या तयार. अंगणात घरं, गुरं, चुली. पिढ्यान् पिढ्या लोक तिथे जन्मले आणि मेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत पुरातत्त्व खात्यानं त्यांना बाहेर काढलं आणि मशीद मोकळी केली. आज जे गाव भिंतीबाहेर चिकटून आहे, त्याची मुळं आत होती.

मग ही इमारत कुणाची? हुकूम देणाऱ्या सुलतानाची की दगड वाहणाऱ्या मजुरांची? पाच वेळ नमाज पढणाऱ्यांची की शेकडो वर्षं तिच्यात चूल पेटवणाऱ्यांची? कायद्यानं ती आज राष्ट्रीय महत्त्वाचं संरक्षित स्मारक आहे, म्हणजे देशातल्या प्रत्येक नागरिकाची. क्रिकेट खेळणाऱ्या त्या पोरांची आणि पेपर वाचणाऱ्या आजोबांचीसुद्धा. मला हे उत्तर चांगलं वाटतं. त्यात माझा वाटा आहे आणि तो कुणाला हिरावून घेऊन मिळालेला नाही.

इथे आज जमातीनं नमाज होत नाही. त्याबद्दल काही तरुणांना वाईट वाटतं, मला ते कळतं. पण एक दुसरी बाजू सांगतो, विशेषतः इथे बसलेल्या मैत्रिणींसाठी. तुमच्यापैकी किती जणींनी आपल्या मोहल्ल्यातल्या मशिदीचा मेहराब जवळून पाहिलाय? बहुतेक जणींनी दारातून किंवा बाहेरूनच मशीद पाहिली आहे. माझी बहीण पुण्यात बँकेत नोकरी करते. दुसऱ्या खेपेला तिला बेगमपूरला घेऊन गेलो. ती सरळ चालत मेहराबपाशी गेली, हात लावून दगड बघितला आणि म्हणाली, "भाईजान, तीस वर्षांत पहिल्यांदा इथवर आले." मग बराच वेळ ती तिथेच उभी होती. तिला अडवायला कुणी नव्हतं, कारण ते स्मारक आहे आणि स्मारकात बाईमाणसाला वेगळी रेघ नसते. जानेवारी २०२०मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की बायकांना मशिदीत नमाजाला यायला मनाई नाही. कागदावर मनाई नाही, मग आमच्या मोहल्ल्यात जागा का नाही, हा प्रश्न आपापल्या मशिदीच्या कमिटीला विचारायला हवा. आणि तो भावांनीही विचारायला हवा.

आता शेवटचा भाग, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात कामाचा.

बेगमपूरच्या मशिदीवर एक ओळ कोरलेली असती तर एवढा वाद झालाच नसता. एका ओळीची किंमत एवढी असते. आणि आपण आपल्या गावात काय करतो? गावोगावच्या जुन्या मशिदी, दर्गे, ईदगाह बघा. दारावर फारसी-अरबीत लेख असतो. कुणी बांधली, कोणत्या हिजरी साली, कोणाच्या कारकिर्दीत. दर रमजानच्या आधी कमिटी 'रंगकाम' काढते आणि त्या लेखावर हिरव्या ऑइल पेंटचा आणखी एक थर चढतो. पाच-सहा थरांनंतर अक्षरं भरून जातात. मग कुणी देणगीदार पुढे येतो आणि भिंतीला टाइल्स लागतात. लेख टाइलच्या मागे गेला की संपला. नियत चांगली असते, पैसा हलालचा असतो, आणि आपला पुरावा आपण आपल्याच हातांनी पुसतो. उद्या कुणी येऊन म्हणालं की ही जागा तुमची नव्हेच, तर दाखवायला काय असेल? बाथरूमच्या टाइल्स?

इथे तो चुना परत येतो. जुनी चुन्यातली भिंत ओलावा घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा ऑइल पेंट लावला की आतला ओलावा बाहेर पडू शकत नाही, क्षार साठतात, दगडाचा पापुद्रा सुटतो. दुरुस्ती म्हणून जे करतो त्यानं भिंत लवकर जाते. डागडुजी करायचीच तर चुन्यानं करा आणि चुन्याचं काम कळणारा गवंडी शोधा. असे कारागीर अजून आहेत.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. प्रत्येकानं आपल्या तालुक्यातली एक शांत, फारशी कुणी न पाहिलेली जुनी वास्तू निवडा. अहिल्यानगर म्हणजे अहमदनगरच्या मित्रांसाठी तर दमडी मशीद आहेच, सोळाव्या शतकातली, छोटीशी आणि दगडी कोरीवकाम असलेली. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी आपल्या मजुरीतली एकेक दमडी दिली आणि ती उभी राहिली, असं तिथे सांगतात. तीही संरक्षित स्मारक आहे. सुट्टीच्या दिवशी जा. दोन-तीन तास द्या. सेल्फी काढा, पण टेप घेऊन जा आणि मोजमापही घ्या. लेख असेल तर सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात. खडूनं गिरवू नका, खरवडू तर मुळीच नका. फारसी येत नसेल तर घाबरू नका. पुरातत्त्व खात्याची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा आपल्या नागपुरातच आहे, त्यांना पत्र लिहा. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. दंतकथा असेल तर दंतकथा म्हणूनच लिहा, पुरावा म्हणून नको. आणि जाताना एकटे जाऊ नका. वर्गातल्या हिंदू, बौद्ध, ख्रिश्चन मित्रमैत्रिणींना घेऊन जा. त्यांच्या गावातली बारव, लेणी, समाधी बघायला तुम्ही जा.

संरक्षित स्मारकावर नाव कोरणं, तोडफोड करणं हा गुन्हा आहे. १९५८च्या कायद्यात २०१०मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बेगमपूरच्या भिंतीवर बदामात तीर घुसवून नावं लिहिलेली मी पाहिली आहेत. सातशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याला आपलं नाव लिहिता आलं नाही, त्यांचं मात्र आहे.

कमिटीशी बोलताना भांडायला जाऊ नका. तिथे आपलेच चाचा-मामू बसलेले असतात. रंगकाम सुरू व्हायच्या आधी जा, लेखाचा फोटो दाखवा, त्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवा. एकदा का त्यांना कळलं की या ओळीत चारशे वर्षांपूर्वीची तारीख आहे, की तेच रंगाऱ्याला सांगतील, एवढी जागा सोड. ऐकलं नाही तर तुमच्याकडे फोटो आणि मोजमाप तरी राहील.

पुढच्या शिबिरापर्यंत प्रत्येकानं एका वास्तूची दोन पानी नोंद आणायची, असं मी सुचवतो. मराठीत, उर्दूत, दखनीत, चालेल त्या भाषेत. कुठे आहे, केवढी आहे, कशाची आहे, काय लिहिलंय, लोक काय सांगतात, आजची अवस्था काय. आपण पन्नास जण आहोत, म्हणजे पन्नास नोंदी होतील. एका जागी ठेवायची आणि सगळ्यांना वापरता येतील अशी व्यवस्था करायची जबाबदारी माझी, ते मला जमतं.

चहा झाल्यावर मी मागच्या टेबलाशी बसतो. कोण कोणती वास्तू घेतंय, ते तिथे येऊन लिहून द्या.